'कातर' या शब्दाचा बोध

संस्कृत भाषेत भित्रेपणा दर्शविणाऱ्या शब्दांची उणीव नाही. त्यांतील 'कातर' हा शब्द मात्र आम्हांस विशेष विचार करावयास लावितो. अमरकोशात भीरु, भीरुक, भीलुक हे शब्द एकत्र ठेविले असून 'कातर' निराळा काढून 'अधीर' या अर्थाशी जोडिला आहे. भय वाटणे आणि धीर सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेच यावरून सूचित होते.

या शब्दाचे मूळ अनिश्चित आहे. परंपरेने तो 'तॄ' म्हणजे तरणे या धातूपासून साधितात. जो थोडेसेच तरतो, कार्याच्या पैलतीरास पोचत नाही, तो कातर. दुसरे मत 'कतर' म्हणजे 'दोहोंपैकी कोणता' या सर्वनामाकडे बोट दाखविते. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या कोशात मूळ संदिग्ध म्हणूनच हे मत नोंदविले आहे. त्याप्रमाणे ज्याला दोहोंतून एक निवडवत नाही, तो कातर. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, आपण जिंकावे की त्यांनी आपणांस जिंकावे, यांत श्रेयस्कर काय ते कळत नाही असे सांगताना अर्जुन हेच 'कतर' पद योजितो. परंतु तो तेथे थांबत नाही. पुढच्याच श्लोकात शिष्य होऊन मार्ग विचारितो.

मग विचार करणे हाच भित्रेपणा काय? आमच्या सुरतेने याचे उत्तर १९९४ च्या सप्टेंबरात पाहिले. प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे शहर सोडून गेली. त्या सर्वांस कातर म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाबाळांस घेऊन निघालेल्या मजुराने आपले कर्तव्य निवडिले होते. रुग्णाच्या उशाशी थांबलेल्या परिचारिकेनेही निवडिले होते. भय दोघांसही होते. ज्याने स्वीकारलेले सेवाव्रत ऐन संकटात टाकिले, तोच अर्ध्या तापीतून माघारी फिरला.

आणि आम्ही? सभेत अन्याय दिसला असता 'पुढे पाहू' म्हणून आम्ही कितीदा गप्प बसलो! त्या मौनास आम्ही विवेक म्हटले. परंतु विवेक निर्णयापाशी संपतो. कातरतेस शेवटच नसतो.

मराठीत सायंकाळास 'कातरवेळ' म्हणतात. ती ना दिवसाची, ना रात्रीची. त्या वेळी मन व्याकुळ होते, हा दोष नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याच वेळी देवापुढे दिवा लावण्याची रीत घातली. अंधार सरेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, आपणही थांबू नये.