सत्तेचाळीस शुक्रवार

'हातिम' ही मालिका स्टार प्लसवर 26 डिसेंबर 2003 ला सुरू झाली आणि 12 नोव्हेंबर 2004 ला संपली. दोन्ही दिवस शुक्रवार. 47 शुक्रवार, 47 भाग. शेवटच्या दिवशी तर लक्ष्मीपूजन होतं. त्याच वाहिनीवर तेव्हा सासू-सुनांच्या मालिका वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होत्या. त्या हिशेबात ही वर्षही न भरलेली पाहुणी. पण आज अठ्ठावीस-तिशीत असलेल्या कुणाहीसमोर नुसतं 'दज्जाल' म्हणा, चेहऱ्यावर लगेच काहीतरी हलतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातिम हा येमेनचा राजपुत्र (राहिल आझम). दज्जाल नावाच्या जादूगारानं (निर्मल पांडे, आता हयात नाहीत) एका राजपुत्राला दगड करून टाकलंय. सात प्रश्नांची उत्तरं शोधली तर दज्जालचा पाडाव होणार. हातिमचा या भानगडीशी तसा काही संबंध नाही, तरी तो निघतो. सोबत हॉबो नावाचा विचित्र प्राणी, जो करणारा कीकू शारदा आपल्याला पुढे वेगळ्याच कारणासाठी माहीत झाला. मूळ हातिम अल-ताई हा सहाव्या शतकातला अरब कवी, दानशूर म्हणून प्रसिद्ध, आपल्याकडे कर्ण आहे तसा. पाहुण्यांना खायला घालायला घरात काही नाही म्हणून स्वतःचा लाडका घोडा कापला, अशी त्याची दंतकथा आहे. पुढे त्याच्याभोवती फारसी-उर्दूत किस्से रचले गेले आणि सात प्रश्न तिथून आले.

तर माझा प्रश्न असा. सात वर्षांच्या मला जे भव्य वाटलं होतं, ते आजच्या मला हास्यास्पद वाटत असेल, तर आमच्या दोघांत बरोबर कोण?

हास्यास्पद वाटतं, यात वाद नको. मध्यंतरी पुण्याच्या फ्लॅटवर पहिले काही भाग लावले. राक्षस मागच्या चित्रापासून सुटा दिसतो, आगीच्या गोळ्याला वजन नाही, तलवारी कागदी. रूममेट गेमिंगच्या धंद्यातला, तो हसून लोळला. मीही हसलो. पण हसताना आपण कुणाची तरी चहाडी करतोय असंही वाटत होतं.

माझ्या पेशाचं उत्तर तयार असतं. नवं व्हर्जन जुन्यातल्या चुका दुरुस्त करतं. तेव्हा डेटा कमी होता, आता जास्त आहे, म्हणून आताचा निवाडा ग्राह्य. ऐकायला ठीक. पण खरंच डेटा वाढलाय का? पडद्यावर तेव्हा जे होतं तेच आज आहे. उलट आमचा टीव्ही एकवीस इंची, केबलवर मुंग्या यायच्या, मी फरशीवर नाक लावून बसायचो. तिथं दिसण्यापेक्षा भरून काढायचंच जास्त असायचं. राक्षसाची अर्धी बांधणी स्टुडिओत झाली आणि अर्धी आमच्या हॉलमध्ये. त्यातला आमच्या हॉलमधला अर्धा भाग मालिकेच्या फाइलमध्ये नाहीच, मग तो आज दिसणार कसा?

अभिनवगुप्तानं हजारेक वर्षांपूर्वी म्हणून ठेवलंय की रस नटात नसतो, रंगमंचावरही नसतो. तो बघणाऱ्या सहृदयाला येणारा अनुभव असतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नंही त्यानं सांगितली आहेत (इथेही सातच!). त्यातलं पहिलं विघ्न म्हणजे 'हे शक्यच नाही' असं वाटणं. गंमत बघा, आपण ज्याला समज आली म्हणतो, ते त्याच्या यादीत पहिल्या नंबरचं विघ्न आहे. ग्राफिक्सच्या क्वालिटीचा त्यात उल्लेख नाही.

इथवर सात वर्षांचा मी जिंकल्यासारखा वाटतो. पण थांबा. मग लहानपणी भारावून टाकलेली प्रत्येक गोष्ट थोर ठरेल. अमुक पावडर दुधात टाकली की उंची वाढते, ही जाहिरातही मला तेवढ्याच ताकदीनं पटलेली होती. ती फसवणूकच होती. फरक मला असा दिसतो: जाहिरात माझ्याकडून एक विधान मान्य करून घेत होती, आणि विधान खोटं निघू शकतं. हातिमनं तलवार उपसली की अंगावर काटा यायचा, त्यात विधान नव्हतं. काटा खोटा निघत नाही. तो आला होता, इतकंच.

म्हणून 'मी तेव्हा हरखून गेलो होतो' हे वाक्य आजही शंभर टक्के खरं आहे. 'ती मालिका जबरदस्त होती' हे वेगळं वाक्य आहे आणि ते बहुतेक खोटं आहे. आपल्या पिढीचा घोळ असा की आपण पहिलं वाक्य जगतो आणि दुसरं लोकांना ऐकवतो. नव्वदीतल्या मुलांची म्हणून जी रील्स फिरतात, त्यात तर तिसरंच वाक्य लपलेलं असतं: आताच्या पोरांना काय कळणार. हे मात्र मला सरळ अनीतीचं वाटतं. स्वतःच्या आनंदाची काठी करून दुसऱ्याच्या आनंदाला झोडायचं. माझा सहा वर्षांचा भाचा फोनवर ज्या कुठल्या निळ्या प्राण्यासाठी जीव टाकतो, त्या प्राण्याचाही अर्धा भाग तो आमच्या सोफ्यावर बसून तयार करत असतो.

आता खरी अडचण. 47 पैकी मी पाहिलेले भाग 23 च आहेत. जून 2004 मध्ये ताईची दहावी सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत होतं ते आमच्याकडे झालं: केबल काढली. उरलेले 24 भाग मला एका वर्गमित्रानं सांगितले. शुक्रवारी रात्री मालिका, शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थनेआधी वऱ्हांड्यात आम्ही पाच-सहा जण त्याच्याभोवती. काहींच्या घरी केबल नव्हतीच, टीव्हीही नव्हता.

तो सांगायचाही असा की आजही मला त्या भागांतली दृश्यं 'आठवतात'. दज्जालच्या महालामागे नदी आहे, नदीवर अगदी आमच्या गावच्यासारखा मोडका पूल आहे आणि पुलाखाली एक मगर आहे, जी फक्त खोटं बोलणाऱ्यांना खाते. हातिम तिच्या पाठीवर बसून पलीकडे जातो. हॉबो बसतो तेव्हा ती एक डोळा उघडते.

हा प्रसंग मालिकेत असेल असं मला वाटत नाही. आता सगळे भाग फोनवर आहेत. एका रविवारात छडा लागेल. लावावा का?

किश्श्यातला पहिला प्रश्न नेमका इथलाच आहे. रानात एक म्हातारा ओरडत फिरतोय: जे एकदा पाहिलं ते पुन्हा पाहायचंय. त्यानं तळ्याखालच्या बागेत एक परी पाहिली होती, न राहवून तिचा हात धरला आणि क्षणात रानात फेकला गेला. हातिम त्याला पुन्हा तिथे पोचवतो आणि बजावतो की बघत राहा, हात धरू नकोस. लहानपणी मला हा सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न वाटायचा. यात मारामारी कुठाय?

पण म्हाताऱ्याची गोष्ट माझ्या कामाला अर्धीच येते. परी परीच राहावी म्हणून डोळे झाकायचे, हे मला पटत नाही. खऱ्याला घाबरणारी आठवण मला नको आहे. मला अडवत होतं वेगळंच. छडा लावला तर तो मुलगा खोटारडा ठरेल, असं वाटत होतं. मग एक गोष्ट आठवली. वर्गात एक जण असा होता ज्यानं खरंच भाग पाहिलेला असायचा. तो मध्येच म्हणायचा, "तसं नव्हतं रे." आणि आम्ही सगळे मिळून त्याला गप्प करायचो. म्हणजे आम्हाला माहीत होतं. आम्ही बातमी मागतच नव्हतो, "पुढे काय झालं?" एवढंच विचारत होतो आणि तो जवळ होतं ते देत होता. घरात काही नसताना पाहुण्यांना वाढायचं म्हणजे असंच काहीतरी असावं. त्यात फसवलं कुणी कुणाला?

तर 24 वा भाग मी पाहिला. मग 25 वा. 28 पर्यंत आलोय. मगर अजून आलेली नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तो भेटला. त्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. 'हातिम' त्याला आठवत होती, शनिवार अंधुक आठवत होते. मी मगरीचं विचारलं तर म्हणाला, "कसली मगर?" मग मीच सांगायला लागलो: महाल, नदी, मोडका पूल. तो कुणाच्या तरी फोनची बॅटरी काढत ऐकत होता. हॉबो मगरीच्या पाठीवर बसला तेव्हा त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, "मग?"