हातमोज्यावरील दोन नांवें

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मनुष्यास आपण निरुपद्रवी छांदिष्ट समजतों. परंतु या छंदांतही कधीं कधीं असा प्रसंग येतो कीं, आवडीनिवडीची गोष्ट संपून नीतीचा प्रश्न उभा राहतो. आमचे एक माजी विद्यार्थी अमेरिकेंत राहत असून बेसबॉलचे जुने हातमोजे जमविण्याचा त्यांस नाद आहे. त्यांनीं अलीकडेच पत्रानें एक शंका विचारली. तिचा येथें थोडासा विचार करावयाचा आहे.

क्रिकेटमध्यें यष्टिरक्षकाखेरीज सारे क्षेत्ररक्षक उघड्या हातांनीं चेंडू झेलतात. बेसबॉलमध्यें प्रत्येकाच्या एका हातांत चामड्याचा मोजा असतो. प्रारंभीं मात्र तेथेंही उघड्या हातांनींच खेळत. १८७५ सालीं चार्ल्स वेट या खेळाडूनें मोजा घातला, तो कातडीच्या रंगाचा. कारण हात जपल्याची त्यास लाज वाटत होती, असें त्याचे समकालीन नामांकित खेळाडू अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनीं पुढें नमूद केलें आहे. लाज गेली आणि मोजा वाढत गेला. सुमारें १९२० मध्यें बिल डोक या खेळाडूच्या सूचनेवरून अंगठा व तर्जनी यांमध्यें वाद्यांची जाळी आली. त्यानंतर कांहीं दशकांनीं मोज्याचीं मोकळीं बोटेंही वादीनें एकमेकांस जोडण्यांत आलीं. जाळी, बोटें, मनगटावरील गुंडी आणि कापडी चिठ्ठी हीं पाहून जाणता संग्राहक मोज्याचें वय सांगतो.

परंतु आणखीही एक खूण असते. कारखानदार एखाद्या प्रसिद्ध खेळाडूची सही मोज्याच्या तळव्यावर ठशानें उमटवीत. असे मोजे हजारोंनीं विकले जात. त्यांतील बहुतेकांना त्या खेळाडूचा हातही लागलेला नसे. आमच्या या स्नेह्यांनीं घेतलेल्या मोज्यावर अशी सही आहेच. शिवाय पट्ट्यावर कोण्या मुलानें शाईनें, वेड्यावांकड्या अक्षरांत लिहिलेलें स्वतःचें नांवही आहे. बाजारांत पहिल्या नांवानें किंमत चढते, दुसऱ्यानें उतरते. तें दुसरें नांव पुसावें काय, ही त्यांची शंका.

मोजा त्यांनीं पैसे मोजून घेतलेला आहे. मुलाचा त्यावर आज कोणताही हक्क उरलेला नाहीं. तेल देऊन चामडें वांचविण्यास आपण दोष देत नाहीं, मग डाग काढण्यास कां द्यावा? युक्तिवाद सबळ आहे. तथापि त्यांत एक गोष्ट सुटते. चामड्यास आलेला खोलगट आकार, ज्यामुळें हा मोजा नव्याहून निराळा ठरतो, तो त्या मुलाच्या हातानें आणि त्यानें झेललेल्या चेंडूंनीं आणला आहे. आकार ठेवावयाचा आणि आकार देणाऱ्याचें नांव पुसावयाचें, म्हणजे श्रमाचें फळ घेऊन श्रम करणाऱ्यास नाकारणें होय. तेल दिल्यानें वस्तूचें आयुष्य वाढतें. नांव पुसल्यानें तिचें चरित्र खोटें होतें. संग्राहक म्हणतो कीं, आपलें भूतकाळावर प्रेम आहे. पण ठशाची सही प्रिय आणि शाईचें नांव नकोसें, असें जेथें असेल तेथें तें प्रेम भूतकाळावर नसून कीर्तीवर आहे.

हें लिहितांना आम्हांस स्वतःचीच एक गोष्ट आठवते. कॉलेजांत असतांना आम्हीं जुन्या बाजारांतून एक ग्रंथ घेतला. पहिल्या पानावर कोणा अनोळखी विद्यार्थ्याचें नांव होतें. तें ब्लेडनें खरवडून आम्हीं तेथें आपलें नांव मोठ्या झोकांत लिहिलें. समासांतील त्याच्या टिपांचा मात्र परीक्षेस भरपूर उपयोग करून घेतला. आज तें पान उजेडासमोर धरलें असतां त्या जागीं कागद विरलेला दिसतो. नांव कोणतें होतें, हें कांहीं केल्या आठवत नाहीं.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं एवढीच हकीकत उत्तरादाखल कळविली आहे.