पैशाचं सोंग

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या सिनेमात दादासाहेब फाळक्यांच्या घरचा एक प्रसंग आहे. मिशा काढलेले बाप्ये लुगडी नेसून घरात वावरतायत, धान्य निवडतायत, पदर सांभाळायला शिकतायत. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी बायका शोधल्या, अगदी कोठ्यांवर जाऊनही विचारलं, पण सिनेमात यायला एकही तयार झाली नाही. मग बायकांच्या भूमिका पुरुषांना दिल्या. कॅमेऱ्यापुढे ते बायका वाटावेत म्हणून त्यांनी घरातही लुगड्यात राहायचं आणि बायकांची कामं करायची, असा फाळक्यांचा दंडक.

परेश मोकाशींचा हा पहिला सिनेमा. हिंदीच्या मानाने छोटा, मोठा स्टार नसलेला, शांतपणे हसवणारा. २००९मध्ये तो भारतातर्फे ऑस्करला गेला होता. पाहिला नसेल तर जरूर पाहा.

या प्रसंगात आपण कशाला हसतो? पुरुषाने साडी नेसली की हसायचं, ही सवय आपल्याला टीव्हीवरच्या स्किट्सनी लावलेली आहे. इथला विनोद जरा वेगळा आहे. हे लोक मिशी काढायला तयार नसतात, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर. बाप घरात जिवंत असताना कुठल्या तोंडाने काढणार? शिवाय सिनेमात काम करतो हे सांगायचीही सोय नाही. म्हणून फाळके त्यांना सांगतात, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. सिनेमाचं नाव तिथूनच आलं. म्हणजे कॅमेऱ्यापुढे एक सोंग आणि घरी गेल्यावर दुसरं. नोकरी टिकवायची तर दोन्ही जमायला हवीत.

आज आपण या लुगडं नेसून धान्य निवडण्याला बिनदिक्कत ‘मेथड अ‍ॅक्टिंग’ म्हणू. हा शब्द पुढे अमेरिकेत रुजला. रशियाच्या स्तानिस्लावस्कीचे विचार तिकडे पोचले, १९४७मध्ये न्यूयॉर्कला अ‍ॅक्टर्स स्टुडिओ निघाला, ली स्ट्रासबर्गने तिथे नटांना स्वतःच्या आठवणींतून भावना उकरायला शिकवलं. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ ढोबळ झाला: भूमिकेसाठी वजन वाढवणं, झोप उडवणं, वस्तीत जाऊन राहणं, सेटवर कुणाशी न बोलणं. आणि मग मुलाखतीत, ‘मी ती भूमिका केली नाही, मी ती जगलो.’

या वाक्याची टिंगल करणं सोपं आहे आणि ती व्हायलाही हवी. ‘ट्रॉपिक थंडर’सारख्या हॉलिवूडपटाने २००८मध्ये ती भरपूर पैसे ओतून केली. पण टिंगल करून झाल्यावर दोन प्रश्न उरतात. दुसऱ्याचं आयुष्य काही दिवस जगून पाहिलं की ते आपल्याला कळतं का? आणि त्या जगून पाहण्याचा खर्च कोण करतं?

पहिल्या प्रश्नासाठी अण्णा साळुंक्यांकडे बघू. फाळक्यांची तारामती ती हीच. हे गृहस्थ ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाकी होते. महिना १० रुपये पगार होता. फाळक्यांनी १५ देऊ केले आणि ते आले. पुढे ‘लंकादहन’मध्ये, १९१७ साली, राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. एकाच माणसाने नवराही व्हायचं आणि बायकोही.

साळुंके तारामती ‘जगले’ का? त्यांनी असा दावा केल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. चूल त्यांच्या ओळखीची होती, पण ती पगाराची चूल. लुगडंही पगाराचं. पाच रुपये जास्त मिळत होते म्हणून एका कामावरून ते दुसऱ्या कामावर गेले. त्यांच्यावर हसताना आपलं हसू विखारी होत नाही ते यामुळे. फुगवलेला मोठेपणा तिथे नाहीच, मग टाचणी कशाला लावायची?

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच घराच्या आत जावं लागतं. बाहेर पुरुष बाईपणाचा सराव करत होते, तेव्हा आत सरस्वतीबाई फाळके सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करत होत्या. तारामतीचं काम आधी त्यांनाच विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. तरी पडद्यामागचं बहुतेक सगळं त्यांनी केलं: फिल्मला भोकं पाडली, रसायनं मिसळली, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याने विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, घरातल्या वस्तू एकेक करून गेल्या, तेव्हा त्या कुरकुरल्या नाहीत असं सगळे कौतुकाने सांगतात. मोकाशींच्या सिनेमातही सरस्वतीबाई हसतमुख आहेत. पण मला तिथे थांबावंसं वाटतं. बाईचं काम शिकायला बसलेल्या पुरुषांना त्या कामाचा पगार होता. ते काम जन्मभर करणारी बाई त्याच छताखाली होती आणि तिला पगार नव्हता.

आणि गोष्ट कुठली निवडली होती? हरिश्चंद्राची! राजा शब्द देतो, राज्य देऊन टाकतो, दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात बायको-मुलाला विकतो. सत्त्व त्याचं, पण दुसऱ्याच्या घरी राबते तारामती. साप चावतो रोहिदासाला. मेलेलं पोर घेऊन ती मसणात येते तेव्हा तिथला राखणदार झालेला नवरा दहनाचा कर मागतो आणि तिच्याकडे द्यायला काही नसतं. शेवटी देव प्रकटतात, ही परीक्षा होती म्हणतात, मुलगा उठतो, राज्य परत मिळतं. ही कथा शतकानुशतकं सत्याची कथा म्हणून सांगितली गेली. मला ती खर्चाची कथाही वाटते. एकाच्या सचोटीचं बिल दुसऱ्यांच्या नावावर फाटतं आणि कीर्तन एकाचंच होतं.

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. घरातली मोठी माणसं ती उधळ्या पोरांना ऐकवतात. खिशात नसताना असल्याचा आव फार वेळ टिकत नाही, हा तिचा नेहमीचा अर्थ. पण म्हण उलटीही खरी आहे. खिशात असताना नसल्याचं सोंगही आणता येत नाही. फाटके कपडे घालता येतात, उपाशी राहता येतं, फुटपाथवर झोपताही येतं. पण गरिबीत फक्त भूक आणि फाटके कपडे नसतात. उद्याचं काय, हे माहीत नसणं तिच्यात असतं. चाळीस दिवसांनी गाडी न्यायला येणार आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला भूक कळेल, थंडी कळेल, ती धास्ती कळणार नाही.

हे मला पुस्तकात नाही, नालासोपाऱ्याला आमच्याच मजल्यावर कळलं. आमच्याकडे सिनेमा राहायला आहे, फक्त तो पोस्टरवर दिसत नाही. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट आहेत, वसईच्या किल्ल्यात शूटिंगं होत असतात, कोल्डप्लेचं गाणंसुद्धा २०१६मध्ये तिथे चित्रित झालेलं दिसलं. गोविंदा विरारचा, हे तर प्रत्येक रिक्षावाला सांगतो. आणि विरारच्या गाडीने पहाटे अंधेरी-गोरेगावला जाणाऱ्यांत लाइटवाले, ड्रेसवाले, मेकअपवाले आणि ज्युनिअर आर्टिस्ट असतात. सेटवर या शेवटच्या लोकांना ‘क्राउड’ म्हणतात. लग्न-पार्टीच्या सीनला ‘डिसेंट’ क्राउड लागतो, बाजाराच्या सीनला साधा. कोण डिसेंट आणि कोण साधा हे चेहरा, रंग, कपडे बघून ठरतं.

मजल्यावरच्या काकू असं क्राउडचं काम करतात. मध्ये त्यांना विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या सीनला बोलावलं होतं. काकू घरातल्या नेहमीच्या साडीत गेल्या. तिथे कुणीतरी बघितलं आणि म्हणालं, “तुम्ही गरीब दिसत नाही.” मग विटलेली साडी दिली, हातापायांना माती लावली, केस विस्कटले. दिवसभर घागर भरायची, घागर ओतायची, परत भरायची. रात्री घरी आल्या तोवर इमारतीतलं पाणी येऊन गेलेलं. आमच्या बाजूला पाण्याची वेळ चुकली की चुकली. काकू जिन्यात रिकामी बादली घेऊन उभ्या राहून हसत होत्या. “अगं, गरीब दिसायला मला मेकअप लागला.”

त्यांना कुणी विचारणार नाही, भूमिकेची तयारी कशी केलीत? त्यांचं जगणं हे कच्चा माल आहे. त्यातून पक्का माल दुसरं कुणी बनवतं आणि दाद त्या दुसऱ्याला मिळते. काकूंची यावर काही तक्रार नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की पैसे वेळेवर मिळावेत.

जगभर गाजलेलं उदाहरण डॅनियल डे-लुईसचं. ‘माय लेफ्ट फूट’ या १९८९च्या सिनेमात त्याने ख्रिस्टी ब्राउन हा अपंग चित्रकार-लेखक केला आणि शूटिंगभर व्हीलचेअर सोडली नाही. सेटवरच्यांना त्याला केबलवरून उचलून न्यावं लागे, भरवावं लागे. त्याचं काम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला उचलणाऱ्या माणसांना काय वाटत असेल? ख्रिस्टीला उचलणारी त्याची आई होती, ते तिचं आयुष्य होतं. इथे उचलणाऱ्यांची ती नोकरीत वाढलेली हमाली होती.

हे फक्त नटांचं राहिलेलं नाही. आपल्या फोनवर रोज कुणीतरी ‘२४ तास भिकारी बनून राहिलो’ असा व्हिडिओ टाकतं. कुठल्यातरी कंपनीचा मालक एक दिवस डिलिव्हरीचा टी-शर्ट घालतो. पंचविसाव्या तासाला दोघंही आंघोळ करून एसीत बसतात आणि ‘खूप शिकायला मिळालं’ म्हणतात. अमेरिकेत बार्बरा एरनरीकने कमी पगाराच्या नोकऱ्या करून त्यावर २००१ साली पुस्तक लिहिलं. आपण फक्त पाहुण्या आहोत, परत जायला आपल्याकडे घर आणि बँकेत पैसे आहेत, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. तेवढा प्रामाणिकपणा रीलमध्ये मावत नाही.

मग काय, ज्याने त्याने स्वतःचंच आयुष्य दाखवायचं? गरिबाची भूमिका गरिबानेच करायची? तसं म्हटलं तर अभिनय ही कलाच संपेल, आणि काकू कायम विहिरीवरच राहतील. त्यांना उद्या कलेक्टरीणबाई करायला मिळाली तर मला हवी आहे. त्यासाठी त्यांनी चार दिवस एखाद्या ऑफिसात बसून बघितलं तर त्यात हसण्यासारखं काय?

तयारीत मला खोट दिसत नाही. खोट दिसते ‘झालो’ या दाव्यात. आपल्या परंपरेत हा दावा नाहीच. आपण भूमिकेला पात्र म्हणतो, म्हणजे भांडं. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने हेच मांडलं की रस नटात नसतो. नट पात्र आहे, आणि भांड्याला आतल्या पेयाची चव कळत नाही, चव पिणाऱ्याला. डॉ. श्रीराम लागू, ज्यांनी १९७०मध्ये पहिला ‘नटसम्राट’ उभा केला, त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘लमाण’. माल इकडून तिकडे वाहून नेणारा. इतका मोठा नट स्वतःला हमालाच्या रांगेत बसवतो, तेव्हा माल आपला नाही हे तो कबूल करत असतो.

शिकणाऱ्याला गुरू असतो. कुणीतरी त्याला तांदूळ निवडायला, घागर कमरेवर घ्यायला शिकवलेलं असतं आणि त्याचं नाव घ्यावं लागतं. ‘मी जगलो’ म्हणणाऱ्याला गुरू लागत नाही. तो शिकवणाऱ्याच्याच जागेवर जाऊन बसतो.

२०१०च्या ‘नटरंग’मध्ये हे फार दुखऱ्या पद्धतीने येतं. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा पिळदार शरीराचा शेतमजूर तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. त्यासाठी अतुल कुलकर्णींनी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. त्या मेहनतीचं कौतुक झालं ते योग्यच. पण सिनेमाच्या आत गुणाचं काय होतं? गाव त्याला नाच्याच समजायला लागतं. घर तुटतं, अब्रू जाते, अंगावर अत्याचार होतो. त्यानेही भूमिकेसाठी शरीर बदललं होतं. फरक इतकाच, की त्याला ती उतरवून ठेवू दिली नाही.

म्हणून भूमिकेत किती खोल गेला, यावरून मी नटाला मोजत नाही. परत यायची वाट त्याच्याकडे होती का, ती वाट कुणी मोकळी ठेवली आणि आल्यावर त्याने त्यांची आठवण ठेवली का, हे मला विचारावंसं वाटतं. ज्या विनोदी सिनेमाला हे विचारायचं सुचतं, त्याचं हसू नटाच्या बढाईवर पडतं, त्याच्या पोटावर नाही. मोकाशींचा सिनेमा ते जवळजवळ साधतो. सरस्वतीबाईंपाशी तो जरा लवकर पुढे सरकतो, असं मला वाटतं.

पुढच्या वेळी कुणी मुलाखतीत भूमिका जगल्याचं सांगितलं तर हसा. पण मग त्याच सिनेमाची शेवटची नामावली संपेपर्यंत बसा. भराभर वर सरकणाऱ्या त्या बारीक अक्षरांत लाइटवाले, स्वयंपाकी, ड्रेसवाले असतात. काकूंचं नाव तिथेही नसतं.