छायाचित्र कोणाचें?

फाल्गुनाच्या अखेरीस एका सकाळीं बीडजवळील खजाना विहिरीकडे छायाचित्रें घेण्यास आम्ही गेलों होतों. निजामशाहीच्या काळची ही विहीर; दुष्काळांतहि आटत नाहीं अशी तिची ख्याति. बांधावर पळस पेटला होता. इतक्यांत रस्त्याच्या कडेस ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांचा ट्रॅक्टर चहासाठीं थांबला. भांडींकुंडीं, कोंबड्या, झोंपलेलीं मुलें, आणि वर कोंवळें ऊन! आम्ही कॅमेरा उचलला. तोंच एक बाई पदर पुढें ओढून म्हणाली, "आत्ता नगा काढू, सायेब. घरी न्हाऊन-धुऊन चांगलं लुगडं नेसल्यावर काढा की." बोट मात्र तोंवर दाबलें गेलें होतें.

ज्यास आम्ही जीवनाचें सत्य म्हणत होतों, तो तिच्या लेखीं प्रवासांतला मळ होता. सजून घेतलेलें चित्र खोटें, असें कोणी म्हणेल. परंतु याच जुन्या हैदराबाद संस्थानांत राजा दीनदयाळ यांनीं उमरावांचीं चित्रें घेतलीं, तीं भरजरी पोशाखांतच. त्यांस खोटीं म्हणण्याचें आमच्या कधीं मनांत आलें नाहीं. उमरावास पोशाख निवडण्याचा अधिकार, आणि नवराबायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजल्या जाणाऱ्या मजुरास तो नाहीं, हा न्याय कोणता?

गांव विचारून घेतलें होतें. पाडव्यास तेथें गेलों. बाई गुढीशेजारीं ताठ उभी राहिली. ऊन पाठीमागून असल्यानें चेहरा अंधुक आला. कलेच्या दृष्टीनें चित्र सुमारच. तिनें तें देव्हाऱ्याजवळ लाविलें आहे.

ट्रॅक्टरवरचें चित्र पुष्कळ सरस आहे. तें आम्ही कोणास दाखविलेलें नाहीं. पण पुसूनहि टाकलेलें नाहीं.