दाब, धर, सोड

गाडीला अजून हात लावू नकोस. आधी तिच्यासमोर बस.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजमागे, डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या शेडच्या भिंतीला टेकून, किंवा मुरबाडच्या वाटेवर कुणाच्या अंगणात चिंचेखाली अशी एक जुनी महिंद्रा जीप तुला सापडली आहे. एमएम ५४० असेल, मेजर असेल, कमांडर असेल. हूड फाटलंय, एका चाकात हवा नाही, समोरच्या जाळीत मागच्या पावसाळ्यातली पानं अडकलेली आहेत. शिकवण्यांचे आणि सुट्टीतल्या कामाचे पैसे तुझ्याकडे साठले आहेत. ते किती आहेत हे तुला रुपयापर्यंत पाठ आहे. तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेव. मालक चहा सांगायला आत गेला आहे. तो येईपर्यंत नुसतं बसून राहा.

श्वास आत घे, सावकाश. जुन्या गाडीजवळ वासांचे थर असतात. डिझेलचा, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, गंजाचा. एकेक वेगळा करून बघ. घाई नाही.

सीटखालून ओल्या गाळाचा वास येतो का? तो आला तर नीट लक्ष दे. आपण नदीकाठची माणसं आहोत. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत शिरल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि बोटींनी लोकांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवसांत रस्त्यावर, अंगणात, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या कुठे गेल्या? बऱ्याचशा धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. म्हणून डॅशबोर्डच्या मागे हात घाल. वायरिंगच्या खोबणीत, सीटच्या बोल्टांभोवती, दिव्याच्या काचेच्या आतल्या कडेला वाळलेल्या मातीची रेघ शोध. रेघ सापडली तर रागावू नकोस, मालकाला खोटं पाडू नकोस. इतकंच मनात नोंदव की पाणी इथपर्यंत आलं होतं.

आता नजर मोकळी सोड आणि सगळी गाडी एकदम बघ. सपाट बॉनेट, दोन गोल दिवे, उभ्या फटींची जाळी. हा चेहरा १९४१ च्या विलीज जीपचा आहे, महायुद्धासाठी घडवलेला. इकडे १९४५ मध्ये लुधियान्याला महिंद्रा अँड मोहम्मद नावाची पोलादाची पेढी उघडली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. जीपचे सुटे भाग समुद्रावरून येत आणि मुंबईत, माझगावला त्यांची जोडणी होई. पुढे गाडीत डिझेल आलं. प्युजोच्या परवान्याची इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली. कल्याणहून कसाऱ्याला जा, घाट चढ, की इगतपुरी. या जीपचं इंजिन प्युजोचं असेल तर ते त्याच घाटाच्या माथ्यावर जन्माला आलेलं आहे. हे सांगतो ते अभिमान वाटावा म्हणून नाही. ही गाडी आपल्या मुलखातल्या हातांनी जोडलेली आहे, त्यामुळे ती आपल्या मुलखातल्या हातांनी उघडता येते, एवढं ध्यानात यावं म्हणून.

चालकाच्या जागेवर बस. पाय क्लचवर ठेव. पॅडलचं रबर एका बाजूने जास्त झिजलेलं असेल. कुणाच्या तरी डाव्या पायाने ते वर्षानुवर्षं तसं दाबलं. कदाचित ही सैन्याच्या लिलावातून, डिस्पोजलमधून आली असेल. कदाचित शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दहा-बारा माणसं, दुधाचे कॅन आणि बाजारची पोती घेऊन रोज धावली असेल. तुला ती डोंगरात न्यायची हौस आहे. त्या लोकांना डोंगरातून बाहेर यायला तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. बाळंतीण बाई हिच्याच मागच्या बाकावर आडवी पडून दवाखान्यात पोचली असेल. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेव आणि त्या लोकांचा क्षणभर विचार कर.

उतर. आता खाली बघायचं आहे.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. स्टँड लावायचे, चाकाला दगड लावायचा, गाडी हलवून बघायची आणि मगच अंग आत सरकवायचं. पाठीवर पड. मान सैल सोड. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण वरून गंजाचे पोपडे पडतात.

तुझ्या वर चॅसिसचे दोन लांब दांडे आहेत. त्यांनाच सगळं बांधलेलं आहे. छोटा हातोडा घे आणि पुढून मागे हळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत बोलतो. आतून खाल्लेला पत्रा बद्द बोलतो. पाट्यांच्या शॅकलजवळ आणि मागच्या आडव्या दांड्यापाशी जास्त वेळ थांब, चिखल तिथेच साचून राहतो. एक ठोका, मग ऐकणं. दुसरा ठोका, मग ऐकणं. कानाला फरक कळायला लागेपर्यंत हेच कर. रंगवलेल्या जागी तर हटकून ठोक, ताज्या काळ्या रंगाखाली काहीही लपवता येतं. चॅसिस जागोजागी बद्द वाजली तर मालकाला नमस्कार कर, चहा पिऊन घे आणि घरी जा. वरचा पत्रा बदलता येतो, इंजिन दुसरं बसवता येतं, पण आतून गेलेली चॅसिस विद्यार्थ्याच्या पैशांत उभी राहत नाही.

ती टणक वाजली, आणि आर.सी. बुकातले चॅसिस आणि इंजिनचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळले, तर पुढे बोलू. कागदांबद्दल थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. एमएच ०४ असेल तर ठाणे, एमएच ०५ असेल तर कल्याण. नोंदणी संपलेली गाडी स्वस्तात मिळते, पण ती का संपू दिली हे आधी विचार.

आता बाजूला ठेवलेला तो आकडा परत समोर घे.

मन कुठे धावतंय ते बघ. मोठ्या दातांच्या टायरांकडे, टपावरच्या दिव्यांच्या पट्टीकडे, लोखंडी बंपरकडे धावतंय ना? धावू दे. त्याला ओढू नकोस, नुसतं बघ. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हे सगळं ओळीने टांगलेलं असतं आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की कुणाचंही मन धावतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावट बदलायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे लागू केलं. माझ्या मते कायद्याच्याही आधीचं एक कारण आहे. तुझ्याजवळ एकाच कामाचे पैसे असतील, तर ते काम ब्रेकचं असलं पाहिजे. दुसऱ्या कामाचे पैसे जमले की स्टिअरिंगचं. टाय रॉडचे एंड, किंगपिनची बेअरिंग, चाक हातात धरून हलवल्यावर येणारा प्ले. इंजिन त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी. तोवर गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारून ठेव आणि त्या विटकरी ठिगळांची लाज बाळगू नकोस.

तर ब्रेक. इथे आपण बराच वेळ थांबणार आहोत.

बहुतेक जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम असतात. ड्रम काढ. आत साचलेली काळी धूळ फुंकू नकोस, हवेच्या नळीने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं टाकून दे. शू बाहेर काढ. नवीन शू घ्यायलाच हवेत असं नाही. जुन्या शूवर नवे लायनर मारून देणारे मिस्त्री ठाण्याला, कल्याणला अजून आहेत. त्यांच्याकडे जा. "काका, लायनर मारायचेत. रिव्हेट कशा बसवता ते बघत उभं राहिलं तर चालेल का?" असं विचार. बहुतेक काका बाकडं पुढे सरकवतात. तिथे बसून जे कळेल ते कुठल्या फीमध्ये मिळत नाही.

व्हील सिलिंडर उघड आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरव. गुळगुळीत लागली तर नुसतं रबराचं किट टाकून काम होईल. खड्डे लागले तर सिलिंडर बदल. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

सगळं परत जोडलं, मास्टर सिलिंडरवरच्या डब्यात नवं ब्रेक ऑईल भरलं. तरी पॅडल दाबलं की पाय स्पंजात गेल्यासारखा खाली जातो. नळ्यांमध्ये हवा आहे. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत नेतं. हवा दाबली जाते आणि तो जोर वाटेतच गिळते. ती काढायची आहे. हे काम एकट्याने करायचं नसतं.

मित्राला, मैत्रिणीला, धाकट्या भावाला बोलव. एकाने वर बसायचं, पॅडलवर पाय ठेवून. दुसऱ्याने चाकामागे आडवं व्हायचं, हातात पाना घेऊन. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे मागचं डावं चाक पहिलं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, आणि शेवटी चालकाजवळचं पुढचं उजवं. व्हील सिलिंडरच्या निपलवर पारदर्शक नळी चढव. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑईलमध्ये बुडव.

आता तू खाली आहेस. वरचा माणूस तुला दिसत नाही, त्याला तू दिसत नाहीस. तुमच्यामध्ये फक्त आवाज आहे.

"दाब." पाय खाली. "सोड." पाय वर. "दाब. सोड. दाब, आणि धर."

तो धरून आहे. तू निपल पाव फेरा सोडव. नळीतून तेल सरकतं, त्यात बुडबुडे येतात आणि वर पॅडल जमिनीला टेकतं. निपल बंद कर. पूर्ण बंद झालं की मगच म्हण, "सोड."

क्रम हाच. निपल उघडं असताना वरच्याने पाय काढला, तर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून वरच्याने स्वतःच्या अंदाजाने पाय काढायचा नाही, आणि खालच्याने वरच्याला विसरायचं नाही. त्याची पोटरी भरून येते, तुझ्या मानेला रग लागते. मधेच डब्यातलं तेल कमी झालंय का ते बघायला सांग. डबा रिकामा झाला तर तिथूनही हवा शिरते. दाब, सोड, दाब, धर. तुझा श्वास आपोआप त्या शब्दांबरोबर चालायला लागेल, चालू दे. बुडबुडे आधी मोठे असतील, मग बारीक होतील, मग मोहरीएवढे, मग नुसती तेलाची सलग धार. धार सलग झाल्यावरही आणखी एकदा कर.

नवं तेल मुद्दाम सांगितलं, कारण ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आपल्या पावसाळी हवेत ते शोषायला भरपूर मिळतं. माळशेज उतरताना ब्रेक सतत लागतो, ड्रम तापतात, तेलात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच दाबली जाते, आणि वळणावर पॅडल एकदम रिकामं लागतं. तुझ्या शेजारी तेव्हा कोण बसलेलं असेल त्याचा चेहरा आता डोळ्यांसमोर आण. मागे कोण बसलंय, तेही बघ. समोरून घाट चढणाऱ्या एसटीतल्या माणसांनाही त्यात धर.

चारही चाकं झाली. आता वर जाऊन स्वतः बस आणि पॅडल दाब. ते वरच थांबेल, घट्ट. पायाखालचा तो घट्टपणा थोडा वेळ तसाच जाणव. तो तुम्ही दोघांनी आणलेला आहे. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धू, ते रंग खातं.

जीप बाहेर पडायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की कर. कच्च्या वाटेवर उतरशील तेव्हा ती वाट कुणाची आहे ते विचारायचं. मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्यात जो हिरवा, चिखलाचा, मोकळा पट्टा दिसतो तो मोकळा नसतो, ती भातखाचरं असतात. मधला बांध कुणीतरी फावड्याने घातलेला असतो. त्यावरून एक चाक गेलं की खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणी उघडी पडते. पुढच्या चाकांना जोर देणारा तो छोटा लिव्हर अडकलेली गाडी काढायला आहे. कोरड्या डांबरावर तो टाकायचाच नाही. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

पहिली फेरी लहान ठेव. सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, शहाड, म्हारळ, कांबा असं करत उल्हासवरच्या रायता पुलापर्यंत. वाटेत रिकामा सरळ रस्ता बघून हळू वेगात ब्रेक दाब आणि गाडी एका बाजूला ओढते का ते हातांना विचार. पुलाच्या अलीकडे कडेला थांब, उतर, आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताचा पंजा धर. टेकवायचा नाही, नुसता जवळ. चारही सारखे कोमट लागले तर तसंच परत ये, पुढच्या रविवारी गिअरबॉक्सचं ऑईल बदलायला घे. एखादा जास्त तापला असेल तर तिथला शू घासतोय. तो निवेपर्यंत थांब, मग सावकाश घरी आण आणि त्या चाकाचं ॲडजस्टमेंट थोडं सैल कर. एखादा अगदी थंडच असेल तर ते चाक धरतच नाहीये. ड्रम परत उघड, आणि पॅडलवर बसायला पुन्हा कुणाला तरी हाक मार.