तबला साथ, बारीक अक्षरात

रात्री दहानंतर रंकाळ्यावरची गर्दी ओसरते. तिथं कट्ट्यावर बसून, हेडफोन लावून मी हल्ली एकच अल्बम ऐकतोय: ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’. ५ जुलै १९७५ला अमेरिकेत, लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेली ही मैफल १९७६मध्ये रेकॉर्ड म्हणून आली. गिटारवर इंग्रज मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन, घटमवर विनायकराम, मृदंगमवर आर. राघवन. गाणारं कुणीच नाही.

मॅक्लॉफ्लिन तोवर इलेक्ट्रिक गिटारच्या दणदणाटासाठी प्रसिद्ध होता. इथं तो अकूस्टिक गिटार घेऊन या चौघांत मांडी घालून बसला. पहिला ‘जॉय’ अठरा मिनिटांचा आहे. त्यात तबला कुणाच्या मागे चालत नाही, समोरासमोर बोलतो. साथीदार असा कुणी उरतच नाही.

आणि तरी अल्बमच्या नावात माणूस एकच.

हे मला टोचतंय, कारण गेल्या महिन्यात मीही तेच केलं. क्लायंटला डेमो होता. जी स्क्रीन उघडायला अकरा सेकंद लागायचे, ती दोन सेकंदांत उघडली. दोन रात्री जागून ती क्वेरी दुरुस्त केली होती टीममधल्या गारगोटीच्या एका मुलीनं. स्लाइडवर नाव माझं. मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो. नंतर तीच म्हणाली, “सर, मस्त झाला डेमो.”

आपलं कोल्हापूर अल्लादिया खाँसाहेबांचं. इथं गुरूचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. वरच्यांचं ऋण मानायला आपण पक्के. शेजारी बसलेल्याचं काय? पोस्टरवर गायकाचा फोटो मोठा आणि ‘तबला साथ’ तळाशी, बारीक अक्षरात.

कुणी म्हणेल, मॅक्लॉफ्लिनचं नाव नसतं तर ही रेकॉर्ड तिकडे विकत कोण घेणार होतं? खरंय. प्रसिद्ध नावानं दार उघडतं. माझ्या नावानंही क्लायंटचं दार उघडतं. पण दार उघडणाऱ्यानं बाकीच्यांना आत घ्यायचं असतं. मॅक्लॉफ्लिननं वाजवताना ते केलं. स्वतःचा आवाज बदलून केलं. शिवाय रेकॉर्डवर वादकांची नावं छापलेली होती. माझ्या स्लाइडला मागची बाजूच नव्हती.

सोमवारी मी क्लायंटला मेल लिहिली, तिचं नाव घालून. मॅनेजरला आणि तिला कॉपी. मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

चहाच्या टपरीवर ती भेटली. हसली, कप हातात घेतला आणि म्हणाली, “तेव्हाच सांगायचं की, सर.”