तारेतली खोट

गेल्या आषाढी वारीत एका मुक्कामी आमच्या दिंडीचा शिधा कमी भरला. ज्याच्या हाती शिध्याच्या किल्ल्या होत्या, त्याने रात्री सर्वांसमोर कबुली दिली. तरुण मंडळी म्हणाली, "महाराज, ह्याला आत्ताच्या आत्ता घालवा." जुनी माणसे म्हणाली, "माळकरी आहे, पदरात घ्या." आम्ही उत्तर सकाळवर टाकले. झोप कुठली यायला! तेव्हा पूर्वी वाचलेली एका पुलाची हकीकत आठवली.

अमेरिकेत न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये ईस्ट रिव्हरवर एक झुलता पूल आहे. काम १८६९ मध्ये सुरू झाले, पूल १८८३ साली खुला झाला. मधला गाळा सुमारे १,५९५ फुटांचा. १८७७ साली दोन्ही मनोरे उभे होते, पण पूल नव्हता. कामगारांसाठी फळ्यांची एक अरुंद पायवाट तेवढी तारांवर टांगलेली. शहरातले हौशी लोक परवाना घेऊन तीवर चढत. तेथे पाटी होती : एका वेळी पंचवीसच माणसांनी यावे, दाटीने चालू नये, धावू नये, पावलाला पाऊल जुळवू नये. आपण पडलो पावली खेळणारे. आपल्याला कोणी वर चढू दिले नसते!

पूल तोलणारे दोर चार. एकेका दोरात पाच हजारांवर पोलादी तारा एकीशेजारी एक अशा ओढलेल्या. मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग पायाच्या कामात, दाबलेल्या हवेत राबून, अंथरुणाला खिळलेले. त्यांचे निरोप पत्नी एमिलीबाई कामावर पोहोचवीत. १८७८ साली उघडकीस आले की तारेच्या कंत्राटदाराने दगा केला आहे. तपासनिसाने पास केलेली तार वाटेतच बदलली जाई आणि नापास तार पुलावर चढे. कळले तोवर पुष्कळ खोटी तार दोरांत बसून गेली होती. ती काढता येईना.

पण रोब्लिंग यांनी दोर आखतानाच गरजेच्या सहापट बळ धरले होते. खोटी तार जमेस धरूनही दोर पुरून उरत होते. तरी 'चालेल' म्हणून ते थांबले नाहीत. प्रत्येक दोरात दीडशेच्या आसपास तारा जादा घातल्या, देखरेख कडक केली. म्हणजे खोट पोटात घेतली, पण खोटीला खरे म्हटले नाही. आणि पोटात घेता आली ती आधी बळ साठवले होते म्हणून. ज्याचा हिशेब काठोकाठ, तो क्षमा कशाच्या जोरावर करणार?

येथे पूर्वपक्षी म्हणेल, तार पुन्हा चोरी करीत नाही, माणूस करतो. खरे आहे. दृष्टान्त एकदेशीच असतो. तार आणि माणूस एक नव्हे. म्हणूनच सकाळी आम्ही त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या, टाळ काढून घेतला नाही. तूट भरायला दोन दिवस सर्वांनी एक वेळ कमी जेवायचे ठरले. तरुण मंडळी कुरकुरली, आणि ती उगाच कुरकुरली असे आम्ही म्हणणार नाही. उपाशी पोट त्यांचे होते, चूक त्यांची नव्हती. दिंडी दोनशे माणसांची, म्हणून हे झेपले. वीस जणांची असती तर आम्ही हाच निवाडा दिला असता का, हे आम्हांस छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तो अजून आमच्या दिंडीत आहे. शेवटच्या ओळीत चालतो, आणि शिध्याच्या गाडीकडे पाहत नाही.